कागद आहे, नोंद नाही : इंग्लंडच्या ‘बेबी लॉस सर्टिफिकेट’ सेवेची पारख

इंग्लंडमध्ये २३ आठवडे ६ दिवसांचे बाळ पोटातच गेले, तर कायद्याच्या लेखी काहीच घडलेले नसते. २४ आठवडे पुरे झाल्यावर गेले, तर मात्र त्याची सरकारी वहीत नोंद होते, आईबापांना दाखला मिळतो आणि आईला बाळंतपणाची पूर्ण रजा मिळते. मध्ये अंतर एका रात्रीचे. या रेषेच्या अलीकडे राहिलेल्या आईबापांसाठी २२ फेब्रुवारी २०२४ला ‘बेबी लॉस सर्टिफिकेट’ नावाची सेवा सुरू झाली. आरोग्य खात्याच्या वतीने ती एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) बिझनेस सर्व्हिसेस ऑथॉरिटी चालवते आणि अर्ज गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो. शुल्क नाही, सक्ती नाही, मुदत नाही, वैद्यकीय पुरावा लागत नाही. आणि त्या कागदाला कायद्याचे बळ नाही, हेही पहिल्यांदाच सांगितलेले बरे. पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण कुठे गेला ते ओघात येईलच.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू, कारण अर्जात आणि फोनवर तो आडवा येतो. मराठीत ‘गर्भपात’ म्हटले की आपोआप झालेलाही तोच आणि करून घेतलेलाही तोच. इंग्रजीत पहिल्याला मिसकॅरेज म्हणतात, आणि बोलीतले ‘पोट पडणे’ किंवा ‘गर्भ टिकला नाही’ त्याच्या जास्त जवळचे. महिने भरत आलेले बाळ मृत जन्मले तर आपल्या सरकारी नमुन्यांत ‘उपजत मृत्यू’ लिहितात. इंग्लंडमध्ये तेच स्टिलबर्थ. जन्मल्यावर एक श्वास जरी घेतला असेल तर ते बाळ या दोन्हींत बसत नाही. आठवडे कितीही असोत, इंग्लंडमध्ये अशा बाळाचा जन्म आणि मृत्यू दोन्ही रीतसर नोंदावे लागतात. विसाव्या आठवड्यात जन्मून काही मिनिटे जगलेल्या बाळाचे आईबाप कधीकधी या प्रमाणपत्राच्या मागे लागतात. त्यांनी आधी रजिस्टर ऑफिस, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीचे कार्यालय, गाठावे. त्यांच्या हक्काचे कागद याहून मोठे आहेत.

२४ची रेषा आली कुठून? १९९२पर्यंत ती २८वर होती. त्या वर्षीच्या कायद्याने १ ऑक्टोबर १९९२पासून ती खाली आली. म्हणून या सेवेतही दोन मापे आहेत: त्या तारखेनंतर गेलेले बाळ २४ आठवड्यांच्या आतले हवे, त्याआधी गेलेले २८च्या आतले चालते. सुरुवातीला सेवा फक्त १ सप्टेंबर २०१८नंतरच्या घटनांपुरती होती आणि त्यावर रास्त ओरड झाली. ऑक्टोबर २०२४मध्ये ती अट काढली. आता कितीही जुनी घटना चालते. साठ-सत्तरच्या दशकांत एनएचएसमध्ये आलेल्या मराठी डॉक्टर-परिचारिकांची पिढी आज इंग्लंडातच सत्तरी-ऐंशीत आहे. ज्या बाईचे १९७९ साली सव्वीस आठवड्यांचे बाळ गेले, तिला तेव्हा काहीही मिळाले नसणार. तिला आज हे मिळते, आणि ही दुरुस्ती या सेवेची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

अर्ज कोण करू शकते? बाळाच्या आईबापांपैकी कोणीही एक, किंवा सरोगेट. वय किमान १६. आईनेच करायला हवा असे नाही, बाप एकटाही करू शकतो. पण आजी, मावशी, भावंडे करू शकत नाहीत. आई वारली असेल आणि बापही नसेल, तर मुलांना आपल्या न पाहिलेल्या भावंडाचा कागद मागता येत नाही. मुदतीची अट काढल्यावर हे दार एवढे घट्ट ठेवण्यात काही हशील नाही. अर्धा गुण इथे गेला.

अर्ज भरताना

भरायला वेळ थोडा लागतो. अडते ते ओळख पटवताना. सेवा तुमचे नाव, जन्मतारीख आणि पोस्टकोड एनएचएसच्या नोंदीशी ताडून पाहते, आणि खातरजमेचा आकडा त्या नोंदीतल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर पाठवते. म्हणजे तुम्ही आत्ता टाइप केलेल्या क्रमांकावर नव्हे, जीपीकडे, म्हणजे नाव नोंदवलेल्या फॅमिली डॉक्टरकडे, पूर्वी दिलेल्या क्रमांकावर. विद्यार्थी म्हणून आलात तेव्हाचे सिमकार्ड कधीच बंद पडले असेल, तर तो आकडा येणारच नाही आणि तुम्ही ‘पुन्हा पाठवा’ दाबत बसाल. उपाय साधा आहे: अर्ज उघडण्याआधी जीपीच्या रिसेप्शनला फोन करून मोबाइल, ईमेल, पत्ता तिन्ही ताजे करून घ्या. ते नोंदीत चढू द्या, मग अर्जाला बसा. दहा आकडी एनएचएस क्रमांकही हाताशी ठेवा. तो एनएचएस अॅपमध्ये किंवा रुग्णालयाच्या कुठल्याही जुन्या पत्राच्या माथ्यावर सापडतो.

आपल्या लोकांची दुसरी अडचण नावाची. पासपोर्टवर स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे. जीपीकडे मधले पद कधी पहिल्या नावाला चिकटवलेले, कधी गाळलेले. लग्नानंतर आडनाव एकीकडे बदललेले, दुसरीकडे माहेरचेच. यंत्राला ‘तीच बाई’ कळत नाही, त्याला अक्षरे जुळायला हवीत. म्हणून पासपोर्ट बाजूला ठेवा आणि एनएचएसच्या पत्रावर नाव जसे छापले आहे, तसेच्या तसे अर्जात लिहा. पोस्टकोडचेही तेच. घर बदलून जीपीला कळवले नसेल, तर ओळख पटताना अडेल, आणि पटलीच तरी टपाल जुन्या घरी जाण्याची भीती. हा कागद पोस्टाने येतो आणि तिसऱ्याच माणसाने तो लिफाफा फोडावा असे कोणालाही वाटणार नाही.

दोघांची नावे हवी असतील तर दुसऱ्या पालकाने स्वतः संमती द्यावी लागते. एकाने परस्पर दोघांचे भरून टाकले, असे चालत नाही. ही अट चांगली आहे. जोडपे आता एकत्र नसेल, किंवा एकाला हे सगळे पुन्हा उकरायचेच नसेल, तर त्याच्या मनाविरुद्ध त्याचे नाव छापले जात नाही. व्यवहारात मात्र यामुळे अर्ज अर्धवट लटकू शकतो. बायको एका बैठकीत आपला भाग पुरा करते आणि नवऱ्याच्या इनबॉक्समध्ये तो निरोप तसाच पडून राहतो. दोघांनी शेजारी बसून, दोन्ही फोन हाताशी घेऊन करणे बरे.

एकाहून अधिक बाळे गेली असतील, मग ती जुळी असोत की वेगवेगळ्या वेळची, प्रत्येकाचे वेगळे प्रमाणपत्र मागता येते.

आता बाळाच्या तपशिलांचा भाग. नाव, मुलगा की मुलगी, कधी गेले, किती आठवड्यांचे होते: यातले जे माहीत आहे आणि जे द्यावेसे वाटते ते द्यायचे. सेवेची आखणी करणाऱ्यांनी इथे खरोखर विचार केलेला दिसतो. आपल्याकडे नाव बाराव्या दिवशी, बारशाला ठेवतात. पोटातल्या बाळाला आधीच नाव ठरवून हाक मारायची पद्धत नाही, काही घरांत तर ते अशुभच मानतात. त्यामुळे नावाच्या चौकटीपाशी बरीच मराठी जोडपी थबकतात. ती चौकट भरलीच पाहिजे असे नाही. पोटात असताना लाडाने काही म्हणत असाल, तर तेही लिहिता येईल. स्पेलिंग मात्र आधी कागदावर लिहून दोघांनी वाचा. ‘आर्या’ला शेवटी एक ए की दोन, यावर नंतर हळहळ नको, जे टाइप कराल तेच छापून येईल असे धरून चाला.

मुलगा की मुलगी हे विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत इंग्लंडमध्ये विचारले तर सहसा सांगतात. त्याआधीच्या बाळांचे बहुधा कळलेलेच नसते. अंदाजाने लिहू नका. रिकामी चौकट चुकीच्या शब्दापेक्षा बरी.

आठवडे मोजण्यात हमखास चूक होते. डॉक्टरी हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून चालतो, गर्भ राहिल्याच्या दिवसापासून नव्हे. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो. इंग्लंडमध्ये १४ आठवड्यांच्या आत जी पहिली सोनोग्राफी होते तिच्यात तारीख पक्की करतात, आणि पुढे तीच धरली जाते. महिन्यांत मोजण्याची आपली सवय इथे कामाची नाही. ‘सहावा चालू होता’ म्हणजे २१वा आठवडाही असू शकतो आणि २५वाही, आणि एवढ्या फरकाने अर्ज या सेवेतून निघून थेट रजिस्टर ऑफिसात जातो. जुळ्यांत आणखी एक गुंता असतो. एक बाळ अठराव्या आठवड्यात पोटातच गेले आणि दुसऱ्याबरोबर ते छत्तिसाव्या आठवड्यात बाहेर आले, तर जन्म २४ आठवड्यांनंतरचा दिसतो. पण ते आधीच गेल्याचे सोनोग्राफीत नोंदलेले असेल, तर इंग्लंडमध्ये त्याची उपजत मृत्यू म्हणून नोंद करत नाहीत. डिस्चार्जच्या कागदावर दोन्ही तारखा, बाळ गेल्याचे लक्षात आले ती आणि प्रसूतीची, वेगवेगळ्या लिहून घेतल्या की पुढचा वाद मिटतो.

पुरावा न मागण्याबद्दल थोडे. ‘मग कोणीही खोटा अर्ज करील’, असे काहीजण म्हणतात. करील, आणि त्याला काय मिळणार? या कागदावर ना भत्ता, ना रजा. उलट पुरावा मागितला असता तर सातव्या-आठव्या आठवड्यात, घरीच, दवाखान्यात न जाता ज्यांचा गर्भ गेला त्या सगळ्या बाया वगळल्या गेल्या असत्या, आणि जुन्या घटनांच्या फायली तर रुग्णालयांनी केव्हाच निकालात काढलेल्या. या सेवेतला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

हा कागद कुठे चालत नाही

आता राहिलेला एक गुण. हे प्रमाणपत्र जन्मदाखला नव्हे, मृत्युदाखला नव्हे, त्याने रजिस्टरच्या वहीत एक ओळही पडत नाही. २०१९च्या एका कायद्याने सरकारला २४ आठवड्यांआधीच्या मृत्यूंची नोंदणी करावी का, यावर अहवाल तयार करायला सांगितले होते. त्याआधीच, २०१८मध्ये, प्रेग्नन्सी लॉस रिव्ह्यू या सरकारने नेमलेल्या आढाव्याचे काम सुरू झाले होते. तो जुलै २०२३मध्ये ७३ शिफारशींसह बाहेर आला आणि त्यातूनच हे ऐच्छिक प्रमाणपत्र निघाले. म्हणजे नोंदणीचा प्रश्न विचारला गेला आणि उत्तर प्रमाणपत्राचे आले. नोंदणी सक्तीची केली असती तर ज्या बाईला हे कोणालाच कळू द्यायचे नाही तिची पंचाईत झाली असती, हे मान्य. पण ज्यांना हवी त्यांच्यासाठी ऐच्छिक नोंदणीची सोय करायला काय हरकत होती, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा. नोकरीच्या ठिकाणी हे दाखवून रजा मिळत नाही. २४ आठवड्यांआधीच्या घटनेत पहिले सात दिवस आपल्या आपण आजारपण कळवायचे, पुढे जीपीची फिट नोट, म्हणजे आजारपणाची चिठ्ठी, घ्यायची. तिच्यावर कारण गर्भारपणाशी संबंधित असल्याचे स्पष्ट लिहून घ्या, कारण अशी रजा कामावरच्या हजेरीच्या शिस्तीत तुमच्याविरुद्ध मोजता येत नाही. २४ आठवड्यांनंतरचे सगळे वेगळे आहे: आईला ५२ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाची रजा, आणि एप्रिल २०२०पासून पात्र नोकरदार आईबापांना दोन आठवड्यांची शोकरजा. दहन-दफनाच्या शुल्कासाठी २०१९पासून इंग्लंडमध्ये चिल्ड्रन्स फ्युनरल फंड आहे, पण तोही २४ आठवड्यांनंतरच्या मृत बाळांना आणि १८ वर्षांखालच्या मुलांना. त्याआधीच्या बाळाची व्यवस्था बहुतेक रुग्णालये स्वतः करतात. काय करणार, कुठे करणार, राख मिळेल का, हे घरी परतण्याआधीच विचारा. आपल्यात तान्ह्या बाळाला अग्नी न देता पुरण्याची चाल आहे. ती पाळायची असेल तर त्याच वेळी सांगावे लागते. या कशासाठीही हे प्रमाणपत्र लागत नाही, आणि ते हातात येण्याची वाट पाहत थांबूही नये.

‘हे भारतात चालेल का?’ नाही. पुण्यातल्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला रुग्णालयाचा कागद लागतो, हा नाही.

स्कॉटलंडची वही आणि आपला नमुना ३

सीमेपलीकडे स्कॉटलंडने हे थोडे आधी, ऑक्टोबर २०२३मध्ये, आणि जरा निराळ्या रीतीने केले. तिथे नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडने २४ आठवड्यांआधी गेलेल्या बाळांसाठी एक स्मरणवही उघडली. अर्ज केला की वहीत नोंद होते आणि प्रमाणपत्रही मिळते. कायद्याचे बळ तिलाही नाही. तरी जन्म-मृत्यूच्या वह्या सांभाळणाऱ्या खात्यानेच ही वही ठेवावी, यात एक जाण आहे. इंग्लंडमध्ये हे काम ज्या संस्थेकडे आहे, तिची ओळख लोकांना औषधांच्या चिठ्ठ्यांच्या शुल्कामुळे आहे. एडिंबरा-ग्लासगोच्या मराठी मंडळींनी इंग्लंडचा अर्ज भरण्यात वेळ घालवू नये. त्यांचे दार वेगळे.

महाराष्ट्रात चित्र नेमके उलटे आहे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात ‘जन्म’ या शब्दाच्या व्याख्येतच जिवंत जन्म आणि उपजत मृत्यू दोन्ही आहेत. मर्यादा २८ आठवड्यांची. नोंद सक्तीची, मुदत २१ दिवस. रुग्णालयात झाले तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची, घरी झाले तर कुटुंबप्रमुखाची. जन्मासाठी नमुना १, मृत्यूसाठी नमुना २, उपजत मृत्यूसाठी नमुना ३. तो भरला की नमुना ९च्या वहीत नोंद जाते. नमुना ३मध्ये तारीख, लिंग, आईबापांची नावे, ठिकाण, गर्भारपणाचे आठवडे आणि माहीत असल्यास मृत्यूचे कारण विचारतात. बाळाच्या नावाला चौकट नाही. आणि नियमांनी ठरवलेले दाखल्याचे नमुने दोनच: ५ जन्माचा, ६ मृत्यूचा. उपजत मृत्यूच्या दाखल्यासाठी स्वतंत्र नमुनाच नाही. इंग्लंडमध्ये २४ आठवड्यांआधी हातात कागद आहे पण वहीत नोंद नाही. आपल्याकडे २८ आठवड्यांनंतर वहीत नोंद आहे पण हातात द्यायला कागद ठरलेला नाही. आणि २८ आठवड्यांआधी दोन्ही नाही.

त्यात आणखी एक विसंगती. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपाताची व्याख्या २६व्या आठवड्यापर्यंत धरली. तोवर पुराव्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा. त्यापुढे मृत जन्मलेले मूलही ‘मूल’ धरले जाते आणि ती प्रसूती ठरते. म्हणजे सत्ताविसाव्या आठवड्यात गेलेले बाळ रजेच्या हिशेबात मूल असते, आणि नोंदणीच्या वहीत नसते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२२च्या आदेशाने उपजत मृत्यू झाल्यास किंवा जन्मानंतर लवकरच बाळ गेल्यास ६० दिवसांची विशेष रजा दिली. तिथे मर्यादा पुन्हा २८ आठवड्यांची. रेषा ओढण्याची हौस जुनीच आहे म्हणा: धर्मशास्त्रानेही चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात आणि त्यापुढे प्रसूती अशी वाटणी करून सोयराचे दिवस त्यावर बसवले होते.

महाराष्ट्रात ही नोंद गळते ती बहुतेक माहेरच्या बाळंतपणात. घटना जिथे घडली तिथल्या निबंधकाकडे नोंद होते, राहत्या पत्त्यावर नव्हे. सासर नाशिकला आणि प्रसूती साताऱ्याकडच्या गावी झाली, तर नाशिक महापालिकेत शोधून काही सापडणार नाही. गावच्या ग्रामसेवकाकडे किंवा ज्या रुग्णालयात झाले त्याच्या हद्दीतल्या कार्यालयात विचारावे लागते. २१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत लेखी परवानगी, वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश. नोंद आहे की नाही हे पाहायला जाताना प्रसूतीची तारीख, आईचे रुग्णालयातल्या वहीतले नाव आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स न्या, आणि खिडकीपाशी ‘जन्माची वही’ नव्हे, ‘उपजत मृत्यूची, नमुना ९ची वही’ असे नेमके सांगा. नुसते जन्म-मृत्यू म्हटले तर कारकून दोनच वह्या चाळतो आणि नोंद नाही म्हणून परत पाठवतो.